घसा साफ, दुर्बिणीत दोष नाही, तरी आवाज नाही : सीबीटीत नेमकं काय करतात?

मलप्रभाकाठ (धागा सुरू) :

बेळगावात 'सीबीटी' म्हटलं की रिक्षावाला बसस्टँडकडं वळवतो. ही ती नव्हे. ही कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं अशी दोन्ही टोकं धरून केलेला मानसोपचार.

धागा काढायचं कारण असं की शिक्षकांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो : घशाचे डॉक्टर म्हणतात काही नाही, मग आवाज गेला कुठं? उत्तरादाखल कुणी मध-हळद सांगतं, कुणी 'टेन्शन घेऊ नका' म्हणतं. दोन्हीनं आवाज येत नाही.

इथं दोन प्रकार डोळ्यांसमोर ठेवूया. एक, आवाज पूर्ण जाऊन नुसती कुजबुज उरते तो अफोनिया. दोन, आवाज येतो पण आवळलेला, घोगरा, संध्याकाळपर्यंत दुखून आलेला, म्हणजे मसल टेन्शन डिस्फोनिया. दुसऱ्यात मनाचा वाटा कमी-जास्त असतो, कधी नसतोही. नुसती बोलण्याची चुकीची सवयही पुरते. वयात आलेल्या मुलाचा बारीकच राहिलेला आवाज हा तिसरा प्रकार, त्यावर शेवटी बोलू.

मी स्पीच थेरपीच्या बाजूनं लिहीन. मानसोपचाराची बाजू 'तिसरं_गेट' यांनी धरावी. 'आमच्या आत्याला असंच झालं होतं' छापाचे किस्से मात्र नकोत. पायऱ्या, मिनिटं, चुका लिहा.

दुर्बीणवाला :

मी घशाचा डॉक्टर, तेव्हा आधी माझं काम, मग तुमचं. आवाज बसून चार आठवडे झाले आणि उतार नाही, तर स्वरयंत्र दुर्बिणीनं बघितल्याशिवाय कुणीही 'मानसिक' हा शब्द काढू नये. तंबाखू-बिडी ओढणारा, थुंकीत रक्त, मानेत गाठ, गिळताना त्रास, वजन उतरलेलं, नुकतंच थायरॉइडचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं, यांपैकी काहीही असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही. श्वास घेताना घशातून शीळ येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांबाबत तर हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं.

दुर्बीण आत असताना तीन गोष्टी करून घ्यायच्या : लांब 'ईऽऽ', नाकानं जोरात हुंगणं, आणि खोकला. मानसिक कारणानं आवाज गेलेला असतो तेव्हा 'ई' म्हणताना स्वरतंतू जवळ येऊन परत फाकतात, किंवा वरचे खोटे तंतू आवळून बसतात. पण खोकताना खरे तंतू टप्पकन पूर्ण मिटतात. हीच खूण. म्हणजे हे निदान 'बाकी काही सापडलं नाही म्हणून' करायचं नसतं, ठोस पुरावा बघून करायचं असतं. लकवा मारलेला तंतू खोकतानाही हलत नाही. डावा असेल तर छातीचाही तपास हवा, कारण डावी नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालून वर येते.

फसवणारे दोन आजार सांगून ठेवतो. स्पॅझ्मोडिक डिस्फोनियात शब्द मधेच तुटतो, पण हसताना, गाताना किंवा कुजबुजताना तो बराच मोकळा येतो, म्हणून लोक 'मनाचंच आहे' म्हणून मोकळे होतात. तो मेंदूकडून येणारा स्नायूंचा विकार आहे, त्याला बोटुलिनमचं इंजेक्शन लागतं, सीबीटीनं तो जात नाही. दुसरा मायस्थेनिया, स्नायू लवकर थकण्याचा आजार : सकाळी आवाज बरा, दिवस कलताना नाकातून आणि क्षीण, सोबत पापण्या जड.

आणि एक तक्रार. घोगरा आवाज दिसला की दुर्बीण न घालता तीन-तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवणं बंद व्हायला पाहिजे.

निपाणकर (शालेय समुपदेशक) :

पण डॉक्टर, रिपोर्टवर 'फंक्शनल' (म्हणजे रचना ठीक, काम बिघडलेलं) लिहिलं की घरची माणसं त्याचा अर्थ 'नाटक करत्या' असाच घेतात बघा. तिथंच सगळं बिघडतं. काय सांगायचं त्यांना?

दुर्बीणवाला :

'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य सगळ्यात वाईट. माणसाचा आवाज गेलाय आणि तुम्ही सांगताय काही झालं नाही. माझं ठरलेलं वाक्य असं : "स्वरतंतू निरोगी आहेत. हा बघा व्हिडिओ, खोकताना कसे घट्ट मिटले. म्हणजे आवाज काढायची सोय शाबूत आहे. बोलायच्या वेळी स्नायूंचा ताल चुकतोय, तो परत बसवता येतो." व्हिडिओ पेशंटच्या मोबाईलवर देऊन टाकायचा. घरच्यांना तोंडी सांगण्यापेक्षा तो दाखवलेला बरा.

नाटक आणि हे यांत फरक आहे तो असा : नाटक करणाऱ्याला आवाज काढता येतो, तो काढत नाही. इथं माणूस जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत असतो, आणि तो प्रयत्नच घसा आवळतो.

मलप्रभाकाठ :

आता आवाज परत आणायची बैठक. अफोनियात शक्यतो हे आधी, विचारांचं काम नंतर. आवाज नसलेल्या माणसाशी तासभर मनातलं बोलायचं म्हणजे तासभर कुजबुजीचा सराव.

पहिल्या बैठकीला ६० ते ९० मिनिटं हाताशी ठेवा. खोली शांत, नातेवाईक बाहेर. आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. खोकला, खाकरणं, जांभई, हसू, शिंक यांतलं काय स्वरासह येतं? जे येतं ते आपलं दार.

मग खांदे, जबडा, जीभ सैल करणं. स्वरयंत्राभोवतीचं मर्दन येत असेल तरच करा : अंगठा आणि तर्जनी कंठास्थीच्या (स्वरयंत्राच्या लगेच वरचं हाड) दोन्ही टोकांवर, लहान गोल फिरवत, हलका दाब, तिथून खाली कंठाच्या बाजूनं सरकत स्वरयंत्र हळूच खाली ओढायचं. पाच ते दहा मिनिटं. दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर एकदम दाब पडता कामा नये, चक्कर आली तर लगेच थांबायचं. यूट्यूब बघून घरी हे करू नये.

पुढचा क्रम :

खोकला. त्याच खोकल्याचं शेपूट लांबवून 'अहंऽऽ'. ते नाकात नेऊन 'म्ऽऽ', आधी एक-दोन सेकंद, मग पाच. अडलं तर गुळणी : कोमट पाण्याचा एक घोट, मान किंचित मागं, 'अऽऽ' करत गुळगुळ. पाणी थुंकल्यावर तोच आवाज कोरड्या तोंडानं चालू ठेवायचा. तेही अडलं तर ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, त्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे. स्ट्रॉनं तोंडातला दाब वाढतो आणि स्वरतंतूंना आपटल्याशिवाय थरथरता येतं.

'म्ऽऽ' पाच सेकंद टिकला की नाकातले शब्द : मामा, नाना, मान, मीना. मग पाठ असलेलं. वार, महिने, आणि माझं सगळ्यात आवडतं हत्यार, पाढे. 'बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा' याला शाळेत बसलेली चाल आहे, अर्थ लावावा लागत नाही, कुणाला उद्देशून म्हणायचे नसतात. त्यामुळं जिभेवरून आपोआप उतरतात. कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणवून घ्या, मराठीचा हट्ट धरू नका. ज्या भाषेत पाढे पाठ, ती भाषा.

पाढ्यांनंतर एका शब्दाची उत्तरं, मग वाक्य, मग गप्पा, आणि खोलीबाहेर जाण्याआधी एक फोन. आवाज आला की पेशंटला लगेच घरी सोडायचं नाही. त्याच बैठकीत किमान २०-३० मिनिटं तो घोळवायचा. 'आला की, उरलेलं पुढच्या आठवड्यात' केलंत तर एसटी गावात पोचेपर्यंत परत कुजबुज.

आणखी एक चूक हमखास होते. पहिला सूर निघाला की थेरपिस्ट टाळ्या वाजवतो, 'बघा, आलाच की!' पेशंट दचकतो. त्यात 'म्हणजे इतके दिवस उगीच होतं' असा सूर लागतो. शांतपणे म्हणा, "हा सूर चांगला आहे, धरून ठेवूया." घरी काय सांगायचं तेही जाताना हातात द्या : "स्नायूंचा ताल बिघडला होता, व्यायामानं बसला." एवढं पुरतं. माणसाची मान खाली जाता कामा नये.

चिकोडीकर (फिजिओ) :

मानेला हलका करंट दिला तर पाच मिनिटांत आवाज येतो, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. मग एवढा खटाटोप कशाला?

तिसरं_गेट (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) :

येतो, नाही म्हणत नाही. पण 'ही मशीन नस जागी करते' असं खोटं सांगून दिलेला करंट म्हणजे फसवणूक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहितीपूर्ण संमतीचा अर्थ स्पष्ट आहे, आणि खोट्या माहितीवर घेतलेली संमती ही संमती नव्हे. व्यवहारातही तोटाच. पेशंट शिकतो काय, तर 'माझा आवाज मशीनमध्ये आहे'. पुढच्या वेळी गेला की परत मशीन. आणि ज्या ताणानं गेला तो ताण घरी तसाच उभा.

उलट हेडफोनमध्ये खरखर लावून वाचायला देणं मला चालतं, कारण त्यात लपवायचं काही नसतं. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे आधी सांगूनही ते काम करतं. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. नंतर 'पकडलं की नाही' या थाटात ऐकवायचं नाही.

आता सीबीटी. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यासाठी ही मांडली. मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जास्त ओळखीची आहे, ती हिची थोरली बहीण म्हणा. आवाजासाठी हिचा वापर मुख्यतः इंग्लंडमध्ये घडवला गेला. २००७ साली न्यूकॅसलच्या गटानं एक छोटा अभ्यास छापला : एका गटाला नुसती व्हॉइस थेरपी, दुसऱ्याला तीच थेरपी सीबीटीची जोड देऊन, आणि तीही स्पीच थेरपिस्टकडूनच. आवाज दोन्हीकडं सुधारला. मनाच्या एकूण स्वास्थ्यात सीबीटीच्या गटाला जास्त फायदा झाला. म्हणून सीबीटी ही आवाजाच्या व्यायामाऐवजी नसते, व्यायामासोबत असते. इथं दोन तज्ज्ञ एका गावात मिळणं अवघड, तेव्हा निम्मं काम स्पीच थेरपिस्टनं शिकून घेतलेलं बरं.

साधारण सहा ते दहा बैठका, आठवड्याला एक, ५० मिनिटांची. पहिल्या दिवशी मोजमाप :

आवाजामुळं होणाऱ्या अडचणींची दहा प्रश्नांची प्रश्नावली (व्हीएचआय-१०), प्रत्येकी ० ते ४, एकूण ४०. ११ च्या वर गेलं की अडचण आहे असं धरतात. नैराश्याची पीएचक्यू-९ आणि चिंतेची जीएडी-७, दोन्हींत १० पासून पुढं नीट लक्ष. पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथं ० सोडून काहीही असेल तर त्या दिवशीचा विषय आवाज नाही. सोबत घड्याळ लावून एका श्वासात 'आऽऽ' : धडधाकट प्रौढाला १५ ते २५ सेकंद जमतं. हे सगळं दर तिसऱ्या बैठकीला परत.

मग कारणांचे तीन थर वेगळे काढायचे. माणूस आधीपासून कशानं तयार होता, सुरुवात कशानं झाली, आणि आज कशानं टिकून आहे. सगळ्यांना पहिल्या थरात रस असतो, कारण तिथं गोष्ट असते. उपचार मात्र तिसऱ्यापासून सुरू करायचे. सुरुवात बहुतेकदा साध्या सर्दी-घसादुखीनं होते. ती आठ-दहा दिवसांत जाते, पण घसा जपायची सवय मागं राहते.

उदाहरणादाखल समजा, खानापूर भागातल्या प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका. वहीचं पान उभं आखून पाच रकाने. पहिल्यात प्रसंग : 'सोमवार, परिपाठ, साहेब मागं उभे'. दुसऱ्यात मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं : 'आवाज चिरकला तर पोरं हसतील, साहेब म्हणतील हिला झेपत नाही', विश्वास ९० टक्के. तिसऱ्यात भावना : भीती ८०. चौथ्यात अंग : 'घसा आवळला, श्वास वरच्या वर'. पाचव्यात काय केलं : 'कुजबुजले, पोरांना मनात वाचा म्हटलं'.

या पानावर सगळ्यात महत्त्वाचा पाचवा रकाना. कुजबुजल्यानं दहा मिनिटं सुटका झाली, पण चिरकलं असतं का आणि पोरं हसली असती का, हे कधी कळलंच नाही. विश्वास ९० चा ९० च राहिला. आणि जोर लावून कुजबुजताना खोटे स्वरतंतू आवळतात, म्हणजे घशाला उद्याचीही तीच सवय लागली. विचार आणि स्नायू एकाच ठिकाणी अडकतात ते असे.

वही भरताना नेहमीची चूक : विचाराच्या रकान्यात 'टेन्शन आलं' लिहितात. ती भावना झाली. 'टेन्शन आलं तेव्हा मनात कुठलं वाक्य चाललं होतं?' असं विचारा. उत्तर निम्मं कन्नड आलं तर तसंच लिहू द्या. भाषांतर केलं की धार जाते.

वडगावकर :

कुजबुज घशाला आराम देते असं सगळेच सांगतात की. ते चूक?

मलप्रभाकाठ :

चूक. हळू, मोकळ्या आवाजात कमी बोलणं म्हणजे आराम. कुजबुज हा वेगळाच व्यायाम झाला. ताज्या सर्दीत दोन-तीन दिवस बोलणं कमी ठेवा, पाणी, वाफ, बस. चौथ्या दिवशी 'म्ऽऽ' चालू. सारखं खाकरणं त्याहून वाईट, त्यानं तंतू एकमेकांवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी, किंवा गिळून हळूच 'हं'.

तिसरं_गेट :

कुजबुज ही 'जपण्याच्या वागण्यां'पैकी एक. बाकीची यादी पेशंटबरोबर बसून काढायची : उठल्या उठल्या 'हॅलो हॅलो' म्हणून आवाज तपासणं, पदराखाली ज्येष्ठमध किंवा लवंग चघळत राहणं, मफलर, फोन नवऱ्याच्या हातात देणं, दुकानात यादी लिहून देणं, सारखा आरशात घसा बघणं. एकेक आठवड्यानं एकेक सोडायची. एकदम सगळ्या सोडायला लावलं की पेशंट पुढच्या वेळी येत नाही.

'घशात काहीतरी अडकलंय' म्हणणाऱ्यासाठी खोलीतच एक प्रयोग. पाणी न पिता लागोपाठ पाच वेळा गिळायला सांगा. तिसऱ्या-चौथ्याला अडतं, पाचव्याला गोळा वाटतो. तुम्हीही करून बघा, तुम्हालाही वाटेल. थुंकी संपली आणि लक्ष तिथं खिळलं, एवढंच कारण. 'गाठ असेल' या विचाराला दहा मिनिटांच्या समजावणीपेक्षा हे जास्त हलवतं. अर्थात दुर्बीण आधी झालेली असेल तरच हा प्रयोग.

मग वर्तनाचे प्रयोग, सीबीटीचा कणा. नुसतं 'सकारात्मक विचार करा' म्हणजे सीबीटी नव्हे. आधी भाकीत लिहून घ्यायचं, मग करून बघायचं, मग मोजायचं. आपल्या शिक्षिकेचं भाकीत : 'पाच मिनिटं नेहमीच्या आवाजात बोलले तर आवाज पूर्ण जाईल', विश्वास ८५. प्रयोगाला मला हजेरी आवडते. वीस-पंचवीस नावं, प्रत्येक नावानंतर पोराच्या 'हजर'चा आपसूक थांबा, आणि नावांत सगळी अक्षरं येतात. हजेरीच्या वहीत पेन्सिलनं खूण : कुठल्या नावाला चिरकलं, कुणी हसलं का, आणि शेवटी आवाज होता की नव्हता. चार नावांना चिरकलं आणि कुणी हसलं नाही, असं निघालं तर विश्वास परत विचारा. ८५ चा ५५ झाला तरी भरपूर. शून्याची वाट बघू नका.

प्रयोगाचं भाकीत तपासता येईल असं हवं. 'वाईट वाटेल' हे तपासता येत नाही, वाईट वाटणारच असतं.

मग शिडी. भीतीचे गुण ० ते १०० पेशंटनंच द्यायचे. नमुना :

२० : घरी मुलाबरोबर पाढे, मोठ्यानं.
३० : शेजारणीशी दारात दोन मिनिटं.
४५ : खडेबाजारात भाव विचारणं, घासाघीस न करता.
५५ : सीबीटीवर (बसस्टँड!) कंडक्टरला गाडी विचारणं, गाडीचं इंजिन चालू असताना.
६५ : फोनवर अनोळखी माणसाशी, कन्नडमध्ये.
८० : वर्गात एक धडा.
९५ : पालकसभेत उठून बोलणं.

एक पायरी आठवड्यात तीन-चार वेळा. भीती निम्म्यावर आली की पुढची. या भागात भाषा ही स्वतःच एक पायरी असते, हे बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं नसतं. काहींना मराठीत आवाज आला तरी सरकारी कचेरीच्या खिडकीशी कन्नड बोलताना परत घसा आवळतो. चूक होईल ही भीती आणि आवाजाची भीती एकात एक मिसळतात. त्यांना वेगळे रकाने द्या.

निपाणकर :

एक विचारतो. प्रत्येकाच्या मागं काहीतरी दडपलेलं असतंच का? आमच्याकडं लोक लगेच 'सासूचा जाच असणार' म्हणून मोकळे होतात.

तिसरं_गेट :

नसतं. आणि खोदून काढायच्या मागं लागूही नये. पण एक धागा संशोधनात दिसलाय. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या हाऊस आणि अँड्र्यूज यांनी असा आवाज बिघडलेल्या बायकांच्या आजाराआधीच्या घडामोडी तपासल्या, तेव्हा 'बोलावं तर पंचाईत, गप्प बसावं तर पंचाईत' अशा कात्रीतले प्रसंग ठळकपणे जास्त सापडले. आपल्या भाषेनं हे आधीच हेरलंय : शब्द गिळणं, घशाशी येणं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तेव्हा प्रश्न साधा विचारायचा : "आवाज जायच्या सुमाराला कुणाला काही सांगायचं राहून गेलं होतं का?" उत्तर 'नाही' आलं तर विषय संपला. 'होय' आलं तर ते वाक्य कागदावर. मग त्याची रंगीत तालीम : काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय, एवढ्या तीन तुकड्यांत, तीस सेकंदांच्या आत, मोकळ्या आवाजात. पहिली तालीम रिकाम्या खुर्चीसमोर, दुसरी थेरपिस्टसमोर, तिसरी एखाद्या कमी महत्त्वाच्या माणसासमोर. खरं बोलणं कधी आणि बोलायचं की नाही हे पेशंटच ठरवणार. घरात मारहाण असेल तर 'बोलून टाक' हा सल्ला धोक्याचा. तिथं आधी सुरक्षिततेची सोय. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठी आहे.

वडगावकर :

देवर्षीकडं नेऊन अंगारा लावलेला असतो, करणी म्हणत असतात. तिथं काय करता?

मलप्रभाकाठ :

वाद घालत नाही. अंगारा लावलेला असो, पाढे म्हणायला त्याची अडचण नाही. फक्त उपास, मारझोड, घशात काही घालणं असेल तर स्पष्ट थांबवायचं. रुसून गेलेलं कुटुंब परत येत नाही.

उगारखुर्द :

मुलांच्या बारीक आवाजाचं राहिलं.

मलप्रभाकाठ :

होय. मिसरूड फुटलं, उंची वाढली, आवाज मात्र बारीक. आधी डॉक्टरांकडून वाढ आणि संप्रेरकं नीट आहेत का ते बघून घ्या. नीट असतील तर कंठावर बोटानं हलका दाब देऊन 'आऽऽ' म्हणायला लावलं की जाड सूर निघतो. तोच खोकला-हुंकार-पाढे या वाटेनं पक्का करायचा. बहुतेकांना थोड्याच बैठका लागतात. सीबीटीचं काम इथं थोडं, पण नेमकं : नवा आवाज वर्गात पहिल्यांदा कसा काढायचा. 'पोरं चिडवतील' हे भाकीत, दोन जवळच्या मित्रांपासून सुरुवात. शाळा बदलताना किंवा सुट्टीनंतर नवा आवाज घेऊन जाणं सोपं पडतं.

निपाणकर :

जायचं कुठं, तेही लिहा की.

तिसरं_गेट :

घशाची दुर्बीण बेळगावात बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) जिल्हा रुग्णालयात होते. मानसोपचारासाठी धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था, रस्त्यानं सुमारे ८० किलोमीटर. आवाजाची सखोल तपासणी लागली तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ पासूनची. स्पीच थेरपिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणीही असो, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठी आणि कन्नड दोन्हीत. तिथं आवाजाचे व्यायाम होत नाहीत, पण रात्री-अपरात्री जीव घाबरला तर तोच नंबर. तोंडातून शब्द फुटत नसेल तर घरच्या माणसानं लावावा.

झोप उडालेली, जेवण सुटलेलं, पीएचक्यू २० च्या पुढं, किंवा जुना आघात रात्री स्वप्नात येतोय, तर आधी सायकिॲट्रिस्ट. आवाज आणणारी गोळी नसते, नैराश्य उतरवणारी असते.

चिकोडीकर :

करंटचं पटलं. एक व्यवहाराचं विचारतो. आवाज आल्यावर शिक्षकाला लगेच पूर्ण तासांवर पाठवायचं का? सर्टिफिकेटवर लिहायचं काय?

दुर्बीणवाला :

'फंक्शनल व्हॉइस डिसऑर्डर, उपचार चालू' एवढंच. कारणाचा एक शब्दही नको, कचेरीत कागद दहा हातांतून फिरतो. महिनाभर पूर्ण रजा देऊ नका, रजेत शिडी चढायचीच राहते. पहिला आठवडा दिवसाला दोन तास, सलग नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तीन. परिपाठ आणि मैदान तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुसऱ्याकडं.

मलप्रभाकाठ :

त्यात भर. आवाज परत गेलाच तर काय करायचं ते शेवटच्या बैठकीत पेशंटच्या हातानं एका कागदावर लिहून घ्या आणि हजेरीच्या वहीत ठेवायला सांगा. माझ्याकडचा नमुना असा : "सर्दी, परीक्षा, घरातला तंटा, या तीन वेळी घसा आवळतो. आवळला की कुजबुजायचं नाही. स्ट्रॉ दोन मिनिटं, म्ऽऽ दहा वेळा, बेचा पाढा दोनदा. त्या दिवशीचं एक पान वहीत. दोन दिवसांत फरक नाही तर फोन." फोन नंबर मोठ्या अक्षरात, आणि खाली 'बोलता आलं नाही तर मेसेज करा'. हे वाक्य विसरू नका, कारण आवाज गेलेल्या माणसाला 'फोन करा' सांगणारे कागदच जास्त बघायला मिळतात.